ट्रकच्या टायरमध्ये नायट्रोजन: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

उन्हाळा तापू लागला की राष्ट्रीय महामार्ग ४४ वरच्या पंक्चरच्या दुकानांत, धाब्यांवर आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात एकच विचारणा सुरू होते. यंदा टायरमध्ये नायट्रोजन भरून घ्यावा का? केळापूर तालुक्यात हा प्रश्न रोजच्या धंद्याचा आहे. नागपूरहून निघालेला ट्रक वडकी, करंजी, पांढरकवडा, केळापूरचा टोलनाका, पाटणबोरी आणि पिंपळखुटी करत पैनगंगा ओलांडतो आणि आदिलाबादच्या रस्त्याला लागतो. वणीकडचा कोळसा, मुकुटबनचं सिमेंट, पांढरकवड्याच्या बाजारातला कापूस आणि उत्तरेतून हैदराबाद-बंगळूरकडे जाणारा माल याच पट्ट्यातून धावतो. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि डांबराचा रस्ता त्याहून कितीतरी जास्त तापतो.

अशा वेळी कोणी सांगतं, नायट्रोजनचा टायर फुटतच नाही. कोणी म्हणतं, टायर थंड राहतो आणि डिझेल वाचतं. एकदा नायट्रोजन भरला की साधी हवा चालतच नाही, अशीही भीती घातली जाते. मालक गोंधळतो आणि चालकाला पुढच्या मुक्कामाची घाई असते. हा लेख त्या दोघांसाठी आहे.

आधी थोडक्यात उत्तर

- नायट्रोजन वाईट नाही. लांब पल्ल्याच्या आणि टायरवर पुन्हा रबर चढवून घेणाऱ्या गाड्यांना त्याचा फायदा होतो, पण तो मर्यादित असतो.
- टायर फुटण्याची मुख्य कारणं कमी हवा, जादा माल, जादा वेग आणि जुनी इजा ही आहेत. यातलं एकही कारण नायट्रोजनने दूर होत नाही.
- नायट्रोजनची कायद्याने सक्ती नाही. जुलै २०१९ मध्ये यमुना एक्स्प्रेसवेवरच्या अपघातांवर बोलताना केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत अशी सक्ती करण्याचा विचार असल्याचं सांगितलं होतं. मोटार वाहन नियमांत मात्र तशी अट नाही. टायरमध्ये साधी हवा आहे म्हणून कोणी दंड मागितला, तर तो देऊ नका.
- आजवर हवा मोजायचं स्वतःचं गेज घेतलं नसेल, तर पहिला खर्च त्यावर करा.

नायट्रोजनने काय मिळतं?

आपण श्वासात घेतो त्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. म्हणजे साध्या हवेच्या टायरमध्येही तीन चतुर्थांशांहून जास्त नायट्रोजनच असतो. मशीनमधून भरताना तो ९५ टक्क्यांच्या वर जातो आणि सोबतची ओल निघून जाते. फरक एवढाच आहे. त्यातून तीन गोष्टी मिळतात.

१. हवा हळू उतरते. ऑक्सिजन रबरातून नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने २००६-०७ मध्ये मोटारींच्या ३१ प्रकारच्या टायरांवर वर्षभर चाचणी केली. सगळे टायर ३० पौंडांवर भरून ठेवले होते. वर्षाअखेरीस साध्या हवेचे टायर सरासरी ३.५ पौंड उतरले आणि नायट्रोजनचे २.२ पौंड. वर्षभरात सव्वा पौंडाचा फरक पडला. तो खरा आहे, पण दर पंधरवड्याला हवा मोजणाऱ्याला तो जाणवणार नाही.

२. आत पाणी जात नाही. अनेक दुकानांतल्या कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी दिवसेंदिवस काढलेलं नसतं. ते हवेबरोबर टायरमध्ये जातं, रिमला गंज चढतो आणि टायर तापला की त्या पाण्याची वाफ होते. आतलं तापमान ६५ अंशांवर गेलं, तर ही वाफ सुमारे तीन पौंडांची भर घालते. कॉम्प्रेसरची टाकी रोज रिकामी करणाऱ्या दुकानात साधी हवाही बऱ्यापैकी कोरडी मिळते.

३. केसिंग जास्त टिकतं. उष्णता आणि ऑक्सिजन यांच्यामुळे टायरच्या आतलं रबर कडक होत जातं. ऑक्सिजन कमी असेल तर हे सावकाश घडतं. एकाच केसिंगवर दोन-तीनदा रबर चढवून घेणाऱ्या ट्रकमालकासाठी नायट्रोजनचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

विमानांच्या टायरमध्ये नायट्रोजन भरतात, हे उदाहरण नेहमी दिलं जातं. त्यामागे एक भीषण अपघात आहे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीचं बोइंग ७२७ विमान कोसळून त्यातले सर्व १६७ जण मृत्युमुखी पडले. ब्रेक घासत राहिल्याने चाक तापलं होतं आणि साधी हवा भरलेला टायर उड्डाणानंतर विमानाच्या आत फुटला होता. त्यानंतर अमेरिकेच्या विमान प्रशासनाने मोठ्या विमानांच्या टायरमध्ये ऑक्सिजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा आदेश काढला. तिथला धोका प्रचंड तापलेल्या टायरमधल्या ऑक्सिजनचा होता. ट्रकचा टायर महामार्गावर फुटतो तेव्हा गोष्ट बहुतेक वेळा कमी हवेपासून सुरू झालेली असते.

काय मिळत नाही?

- 'टायर थंड राहतो.' राहत नाही. टायर तापतो तो त्याची बाजू दर फेऱ्याला दबून पुन्हा उभी होते म्हणून. आत कोणता वायू आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. हवा कमी असेल तर बाजू जास्त दबते आणि टायर जास्त तापतो.
- 'उन्हात दाब वाढत नाही.' वाढतो. सकाळी २५ अंशांवर ११० पौंड भरलेल्या टायरचं आतलं तापमान चालून ६५ अंशांवर गेलं, की गेज सुमारे १२७ दाखवतं. कोरडी हवा आणि नायट्रोजन, दोन्ही सारखेच फुगतात.
- 'मायलेज वाढतं.' डिझेल वाचतं ते योग्य दाबामुळे, आणि तो दाब साध्या हवेनेही राखता येतो.
- 'साधी हवा मिसळली की टायर बिघडतो.' अजिबात नाही. हे पुढे आकड्यांनी पाहू.
- 'पंक्चर होत नाही.' खिळा, व्हॉल्व्हची गळती आणि रिमच्या कडेची गळती यांना वायू कळत नाही.

कोणी भरावा, कोणी थांबावं?

*भरून घेणं फायद्याचं:*

- नागपूर-हैदराबादसारख्या लांब पल्ल्यावर धावणाऱ्या, ट्यूबलेस किंवा चांगले रेडियल टायर असलेल्या गाड्या
- केसिंग सांभाळून पुन्हा रबर चढवून घेणारे मालक
- महिनोन्महिने उभे राहणारे ट्रेलर आणि स्टेपनी
- टायर नवीन बसवताना दुकानात मशीन असेल आणि दर वाजवी असेल तेव्हा

*थांबलेलं बरं:*

- खाणीच्या किंवा खडीच्या रस्त्यावरचे टिप्पर. दगडाने टायर कापला जातो, आठवड्याला पंक्चर निघतं आणि भरलेला नायट्रोजन तिथेच उडून जातो.
- पन्नास-साठ किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या आणि रोज रात्री घरी येणाऱ्या गाड्या. यांची हवा रोज सकाळी मोजता येते.
- नक्षी झिजलेले किंवा बाजूला फुगवटा आलेले टायर. त्यांत काहीही भरलं तरी धोका तेवढाच राहतो. केंद्रीय मोटार वाहन नियम ९४ नुसार ट्रकच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. समजा टायरमागे ५० रुपये दर सांगितला, तर दहाचाकी गाडीला स्टेपनीसह ५५० रुपये लागतील. दर पंक्चरनंतर तो टायर पुन्हा भरावा लागेल. गाडीला महिन्यातून किती पंक्चर होतात, हे तुमच्या वहीत बघा आणि मग ठरवा.

नुसता 'टॉप-अप' म्हणजे काय?

बहुतेक गाडीवाल्यांचे पैसे वाया जातात ते इथेच. टायरमध्ये १०० पौंड साधी हवा आहे आणि वरून १० पौंड नायट्रोजन घेतला, तर आतलं नायट्रोजनचं प्रमाण ७८ वरून जेमतेम ८० टक्क्यांजवळ जातं. ८० पौंडांवरून ११० केले तरी ते ८३ च्या आसपासच राहतं. पैसे नायट्रोजनचे जातात आणि टायरमध्ये जवळपास साधी हवाच राहते.

टायर आधी पूर्ण रिकामा केला आणि ९८ टक्के शुद्धतेच्या मशीनने ११० पौंडांपर्यंत भरला, तर प्रमाण साडेपंच्याण्णवच्या आसपास येतं. मोटारीच्या ३३ पौंडांच्या टायरला एकदा रिकामं करून भागत नाही. तिथे जेमतेम ९२ टक्के मिळतात, म्हणून दोनदा करावं लागतं. ट्रकचा दाब जास्त असल्यामुळे एकदा पुरतं.

उलट बाजूही लक्षात घ्या. असा नीट भरलेला टायर वाटेत १० पौंड उतरला आणि पाटणबोरीजवळच्या पंपावर तुम्ही साधी हवा भरली, तर प्रमाण साडेपंच्याण्णववरून चौऱ्याण्णवच्या आसपास येतं. नायट्रोजन मिळेपर्यंत कमी हवेवर गाडी पळवणं ही फार मोठी चूक आहे. मिळेल तिथे हवा भरा.

भरून घेताना या क्रमाने चला

१. मशीनवरचा शुद्धतेचा आकडा पाहा. ९५ च्या खाली असेल तर पैसे देऊ नका. मशीनला कॉम्प्रेसर जोडलेला दिसला म्हणून फसवणूक समजू नका, कारण हवेतूनच नायट्रोजन वेगळा करायचा असतो. मात्र हातातली नळी मशीनमधून येते की थेट कॉम्प्रेसरमधून, हे डोळ्यांनी तपासा.

२. गाडी सपाट आणि टणक जागी, शक्यतो रिकामी उभी करा. पुढच्या-मागच्या चाकांना ओट लावा. ज्या चाकाची हवा काढायची ते जॅकवर उचला आणि खाली भक्कम आधार द्या. माल भरलेल्या गाडीचा टायर जमिनीवर असताना रिकामा करू नका. कड रिमवरून सुटते.

३. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या. आवाज थांबल्यावर दुसरं काम हाती घ्या.

४. ट्यूब आणि रिंगचा टायर असेल, तर चाक उतरवून लोखंडी पिंजऱ्यात ठेवा आणि भरण्याआधी रिंग खाचेत नीट बसली आहे का, हे पाहून घ्या.

५. ठरलेल्या दाबापर्यंत भरा आणि स्वतःच्या गेजने मोजा. दुकानाच्या गेजवर भिस्त ठेवू नका.

६. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा. मग झाकण घट्ट बसवा. हिरवं झाकण ही फक्त ओळखीची खूण आहे, आत काय आहे याचा पुरावा नाही.

७. स्टेपनी विसरू नका.

८. बिलावर तारीख, टायरांची संख्या आणि दर लिहून घ्या.

दाब किती ठेवावा?

शेजारच्या गाडीचा आकडा आपल्याला चालेलच असं नाही. टायर कंपनीच्या तक्त्यात भारानुसार दाब दिलेला असतो. टायरच्या बाजूवर एकेरी आणि जोडचाकासाठी जास्तीत जास्त भार व त्याला लागणारा दाब कोरलेला असतो. जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एकेरी एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. म्हणजे पूर्ण भरलेल्या एक्सलवर प्रत्येक टायरला २,८७५ किलो पेलायचे असतात. तुमच्या टायरवर जोडचाकासाठी लिहिलेला आकडा याहून कमी असेल, तर परवानगीइतका माल भरूनही तो टायर ओव्हरलोडच चालतो. हा आकडा आजच वाचा.

त्यावर आणखी माल भरला, तर कोणताच वायू टायर वाचवू शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवावा लागतो.

जोडीतला आतला टायर

मागच्या चाकांपाशी वाकून पाहा. बाहेरच्या टायरचा व्हॉल्व्ह समोर दिसतो. आतल्याचा व्हॉल्व्ह डिस्कच्या भोकातून आत कुठेतरी, चिखलाने माखलेला असतो. हात कोपरापर्यंत घालावा लागतो आणि नुकती थांबलेली गाडी असेल तर चटका बसतो. म्हणून बाहेरच्याची हवा मोजली जाते आणि आतल्यावर टॉमी मारून आवाज ऐकला जातो. टॉमीने टायर अगदी बसलाय की नाही एवढंच कळतं. तो ११० वर आहे की ८५ वर, हे अनुभवी कानालाही सांगता येत नाही.

आतला टायर उतरला की त्याचा भार बाहेरच्यावर जातो आणि दोघंही तापतात. यावर उपाय असे आहेत:

- आतल्या व्हॉल्व्हला लांब नळी बसवून घ्या, म्हणजे गेज बाहेरूनच लागेल.
- जोडीतल्या दोन टायरांमध्ये ५ पौंडांपेक्षा जास्त फरक ठेवू नका.
- थांब्यावर हाताची मागची बाजू टायरजवळ न्या. एक टायर बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल, तर तो कमी हवेवर आहे किंवा त्याचा ब्रेक धरून राहतोय.
- दोन टायरांमध्ये अडकलेला दगड लगेच काढा.

उन्हाळ्याचे नियम

- हवा सकाळी, गाडी हलण्याआधी मोजा. गाडी किमान तीन तास उभी असावी आणि टायरवर ऊन नसावं.
- तापलेल्या टायरची हवा कमी करू नका. दुपारी १२७ दिसले म्हणून ११० वर आणलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी २५ अंशांवर तोच टायर ९५ वर सापडेल. उन्हाळ्यात टायर जाण्याचं हे एक मोठं कारण आहे.
- ठरलेल्या दाबापेक्षा २० टक्के कमी हवेवर धावलेला टायर पंक्चर समजून काढा आणि आतून तपासून घ्या. ११० च्या टायरसाठी ही रेषा ८८ वर येते.
- चौपदरी महामार्गावर मालवाहू गाडीची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. दुपारच्या उन्हात त्याहून खालीच राहा.

जिवावर बेतणाऱ्या चुका

रिंगच्या टायरमध्ये हवा भरताना रिंग उडाली तर समोरचा माणूस वाचत नाही. टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरावा. पिंजरा नसेल त्या दुकानात चाक रिंगसह खोलून भरून घेऊ नका. कमी हवेवर बराच वेळ धावलेल्या रेडियल टायरच्या बाजूतल्या तारा आतून तुटलेल्या असू शकतात आणि पुन्हा हवा भरताना तो अचानक फाटतो. भरताना टायरच्या समोर न उभं राहता लांब नळी लावून बाजूला थांबा. नायट्रोजनच्या सिलिंडरला रेग्युलेटर नसेल, तर त्यावरून टायर भरू देऊ नका. सिलिंडरमधला दाब टायरच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. रात्री टायर बदलायची वेळ आली तर गाडी रस्त्यापासून जमेल तितकी बाजूला घ्या, मागे अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवा आणि मदतीसाठी महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर फोन करा.

तुमचे हक्क

- पेट्रोल पंपावर साधी हवा मोफत मिळते. ती सोय ठेवणं तेल कंपन्यांच्या नियमांनुसार पंपचालकावर बंधनकारक आहे. पैसे मागितले तर पंपावरच्या तक्रारवहीत नोंद करा आणि फलकावरच्या क्रमांकावर कळवा. नायट्रोजन ही वेगळी सेवा आहे, तिचे पैसे घेता येतात.
- नवा टायर घेताना नायट्रोजन घ्यायलाच हवा, असं दुकानदाराला म्हणता येत नाही. एका वस्तूसाठी दुसरी सेवा गळ्यात मारणं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा मानलं आहे.
- बिल मागा. ते न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- तक्रार कुठे करायची? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर, किंवा यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावणं सक्तीचं नाही.
- एक अट नीट समजून घ्या. व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून ट्रक चालवणारा मालक यातून वगळलेला नाही, तो ग्राहकच आहे. ताफा असलेल्या ट्रान्सपोर्टरला मात्र बहुधा दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते. म्हणून एका गाडीच्या मालकाने परवाना, गाडीची कागदपत्रं आणि बिलं एकत्र जपून ठेवावीत.

पांढरकवड्यात टायरचं दुकान चालवणाऱ्यांनाही एक विनंती. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा, मशीनवरचा शुद्धतेचा आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवा आणि टॉप-अपला पूर्ण नायट्रोजनचे पैसे घेऊ नका. आणि गाडीमालकांनो, नायट्रोजन घ्या किंवा घेऊ नका, पण उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी आतल्या टायरांसह सगळ्या चाकांची हवा मोजा, वहीत लिहा आणि ते गेज चालकाच्या केबिनमध्येच राहू द्या.